लिज्जतचा उडीद पापड, लाटणारीच्या नजरेतून

अकरा वर्षं मी बचत गटात पापड लाटतेय, आणि गेली तीन वर्षं गटाची अध्यक्ष आहे. त्यामुळे दुकानातला पापड हातात आला की आधी उजेडासमोर धरते, खाणं नंतर. परवा लिज्जतच्या उडीद पापडाचं पाकीट फोडलं आणि एकेक पापड खिडकीपाशी धरून पाहिला. मधे जाड, कडेला पातळ असा एकही नाही. मिरी भरड आहे, तरी त्या कणाशी लाटणं अडकून भोक पडलेलं नाही. उडदाचा उंडा ज्यांनी कुटलाय, त्यांना यातले कष्ट कळतील.

चिमट्यात धरून गॅसवर भाजला तर बारीक फोड सगळीकडे सारखे येतात, कड कच्ची राहत नाही. तळल्यावर लाल पडत नाही, म्हणजे पापडखार बेताचा. हिंग नेमका. पंजाबी मसाला मला तिखट लागतो, आमच्याकडे साधा उडीदच चालतो.

हा सारखेपणा मशीनचा नाही, हे मला फार मोठं वाटतं. लिज्जतच्या केंद्रावर एकाच मापाने मळलेलं पीठ बायका सकाळी घरी नेतात, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी आणून देतात. तिथे वजन होतं, तपासणी होते. चाळीस हजारांवर बायका, प्रत्येकीचं पोळपाट वेगळं, हात वेगळा. शाखा सांभाळणारी संचालिका याच बायकांमधून येते. तिने स्वतः लाट्या केलेल्या असतात, म्हणून तिने परत केलेला पापड समोरची मुकाट्याने परत घेत असणार, असं मला वाटतं. लाटणारी कुणीच नोकर नाही, सगळ्या मालकिणी. नफा वाटून घ्यायचा, तोटाही.

सुरुवात 15 मार्च 1959 ची, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर. सात गुजराती बायका, 80 रुपये उसने, आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं. त्या सातांतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांची खाट आठवते. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. वर पापड, खाली शेगडी, आणि काम चालू! पावसाळ्यात आम्हीही अशाच अडतो, म्हणून ती खाट मला डोळ्यांसमोर दिसते.

आमच्या गटाचं सांगते. मागच्या जत्रेच्या तोंडावर एका खेपेच्या पिठात खार जास्त पडला. तळून पाहिला तर लालसर आणि कडवट. पीठ पंधरा किलोचं, टाकवेना. अध्यक्ष मी, आणि मीच म्हणाले, "विकून टाकू, जत्रेतलं गिऱ्हाईक परत थोडंच येतंय!" सगळ्या गप्प. गटात नुकतीच आलेली मुलगी तेवढी बोलली, "ताई, पाकिटावर नाव आपलं आहे ना." मला उत्तर सुचलं नाही, तरी पापड विकले. त्यातली उरलेली पाकिटं मी गावातल्या किराणा दुकानात ठेवली होती. महिन्याभराने दुकानदाराने ती पिशवी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. त्या दिवशी कुणी मला बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता तपासणी त्याच मुलीकडे दिलीय आणि पहिली थप्पी माझी लागते. लिज्जतच्या पाकिटातला एक पापड नमुना म्हणून गटाच्या कपाटात ठेवलाय. ती तो उजेडासमोर धरते, मग शेजारी माझा धरते. गेल्या आठवड्यात तिने माझे नऊ बाजूला काढले. मी ते घरी आणले, रात्री खिचडीबरोबर भाजून खाल्ले.