जेनेटिक काउन्सेलिंग, तीन भेटी – ५ पैकी ४ स्टार

मी एरवी रिव्ह्यू लिहीत नाही, पण ह्या सेंटरबद्दल लिहायचंच हे दुसऱ्या भेटीनंतर रिक्षात बसल्या बसल्याच ठरवलं होतं. उशीर झाला कारण मध्ये दोन आठवडे ॲडमिट होते, शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. आता घरी आहे, बरी आहे.

आधी माझं सांगते म्हणजे कुणाच्या नजरेतून लिहितेय ते कळेल. मला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे फुप्फुसात आणि पोटात चिकट स्राव साचणारा, जीनमधून आलेला जन्मजात आजार, वय ३३, लग्नाला पाच वर्षं झाली. लहानपणी सतत खोकला, जुलाब, वजन वाढेना, म्हणून टीबीची औषधं दिली, ती पूर्ण सहा महिने घेतली, काही फरक नाही. नवव्या वर्षी मुंबईच्या एका डॉक्टरांनी आईला विचारलं, पोरीची पापी घेतल्यावर खारट लागतं का? आई म्हणाली हो, अगदी तान्ही होती तेव्हापासून. मग घामाची टेस्ट झाली, क्लोराइड (घामातलं मीठ) ६० ह्या मर्यादेच्या बरंच वर आलं आणि आजाराला नाव मिळालं. तेव्हापासून नेब्युलायझर, छातीची फिजिओ, जेवताना एन्झाइमच्या गोळ्या हे चालूच आहे आणि गेल्या चार वर्षांपासून इन्सुलिनपण. फुप्फुसाची ताकद म्हणजे एफईव्ही१ सध्या ५० टक्क्यांच्या आसपास, वजन ४१ किलो.

मूल हवं की नको हा प्रश्न घेऊन इथे येण्याआधी आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. एका लॅबने नवऱ्याची टेस्ट केली, ठरावीक नेहमीची म्यूटेशन्स (जीनमधले बदल) तेवढी तपासली आणि निगेटिव्ह लिहून दिलं, बास, जा आता बिनधास्त. दुसरीकडे पहिल्याच भेटीत आयव्हीएफचं पॅकेज पुढ्यात ठेवलं, माझी छातीची फाईल उघडूनही पाहिली नाही. दोघांचीही नावं घेत नाही, पण दोन्हीकडून बाहेर पडताना असं वाटलं की माझं अर्धं शरीर बाहेर वेटिंग रूममध्येच राहिलं.

इथे पहिली भेट दीड तासाची होती. दीड तास! आणि पूर्ण मराठीत. काउन्सेलर मॅडमनी आधी कोरा कागद घेतला आणि घराण्याची वंशावळ काढायला लागल्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आई बरोबर होती कारण जुनी माहिती तिलाच. माझा गोल पूर्ण काळा भरला, आई-बाबांचे अर्धे अर्धे, आणि त्या दोघांच्या मध्ये एका ऐवजी दोन रेघा मारल्या. आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करणं अगदी नेहमीचं, उलट पहिला मान तिचाच. मॅडमनी विचारलं, "काकू, हिच्या आधी एखादं मूल?" आई गप्प झाली. मग म्हणाली, एक मुलगा झाला होता, पाच महिन्यांचा होऊन गेला, लई बारीक होता, सारखी छाती भरायची. मला हे माहीत होतं पण आईच्या तोंडून असं सलग कधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी एक छोटा चौकोन काढला आणि त्यावर एक तिरकी रेघ मारली.

मग आईने बोट ठेवून विचारलं, ह्या दोन रेघा कशाच्या? मॅडम म्हणाल्या नवरा-बायको आधीपासून नात्यातले असले की अशा काढतात. आई लगेच, "म्हणजे आमच्यामुळंच झालं हे." मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावलं की नात्यात लग्न केलं म्हणून आजार तयार होत नाही, खराब जीन घराण्यात आधीच कुठेतरी असतं, नात्यात लग्न झालं की ते दोन्ही बाजूंनी येऊन एकाच बाळात भेटायची शक्यता वाढते. आणि मग विचारलं, तुमचं लग्न कधीचं? ८८ सालचं. "काकू, सात नंबरच्या गुणसूत्रावरचं हे जीन नेमकं शोधलं १९८९ मध्ये, ते पण अमेरिका-कॅनडात. तुमच्या लग्नाच्या मांडवात हे सांगू शकेल असा माणूस जगात कुठेच नव्हता." आई रडली. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, पण त्या रात्री तिने बऱ्याच वर्षांनी माझ्या पाठीवर थापटून फिजिओ करून दिली, एरवी आता नवराच करतो. ह्या एका गोष्टीसाठी मी ह्या सेंटरला कितीही स्टार देईन.

आता मुद्द्याचं, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मलाही नव्हतं. मी लहानपणापासून "२५ टक्के" हा आकडा ऐकत आले. डॉक्टर आईला सांगायचे, पुढच्या वेळी २५ टक्के चान्स. तो माझ्या डोक्यात असा बसला होता की माझ्या मुलाला पण २५ टक्केच धोका असं मी धरून चालले होते, लग्नाआधी नवऱ्याला पण तेच सांगितलं होतं. ते चूक होतं. २५ टक्के हे आई-बाबांसारखं, दोघेही नुसते वाहक असताना, म्हणजे एक कॉपी खराब, एक चांगली, स्वतःला आजार नाही. माझ्याकडे चांगली कॉपी एकही नाही, दोन्ही खराब, त्यामुळे माझ्या प्रत्येक मुलाला माझ्याकडून एक खराब कॉपी जाणारच, तिथे चान्सचा प्रश्नच नाही. बाकी सगळं नवऱ्यावर. तो वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात ५० टक्के, आणि नसेल तर मूल वाहक होईल पण आजारी होणार नाही. म्हणजे माझ्यासाठी २५ हा आकडा कधी नव्हताच. इतकी साधी गोष्ट, कागदावर दोन मिनिटांत समजली, आणि २४ वर्षांत एवढ्या डॉक्टरांपैकी कुणी ती अशी मांडून दाखवली नव्हती.

आधीच्या लॅबच्या निगेटिव्हबद्दल पण इथेच कळलं. ह्या जीनमध्ये आत्तापर्यंत २,००० च्या वर बदल सापडलेत आणि ठरावीक म्यूटेशनची जी छोटी पॅनल असतात ती मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांवरून बनवलेली. एफ५०८डेल नावाचं जे सगळ्यात कॉमन आहे ते तिकडच्या पेशंटमध्ये जितकं सापडतं तितकं आपल्याकडे सापडत नाही, आपल्याकडे वेगवेगळी दुर्मिळ म्यूटेशन्स जास्त. म्हणून छोटं पॅनल निगेटिव्ह आलं तरी आपल्या माणसाला त्यावर विसंबता येत नाही, पूर्ण जीन वाचावं लागतं, वर मोठा तुकडा गायब किंवा डबल आहे का ते वेगळं बघावं लागतं. नवऱ्याचं रक्त परत दिलं. रिपोर्ट तीन आठवड्यांत देतो म्हणाले आणि पाच आठवडे लागले, मध्ये फोन केला तर काउंटरवरच्या मुलीला काहीच सांगता येईना. ते पाच आठवडे कसे गेले ते आमचं आम्हालाच माहीत. एक स्टार त्याचाच कापलाय.

रिपोर्ट क्लिअर आला. नवऱ्यात काही सापडलं नाही. मॅडमनी लगेच हेही सांगितलं की क्लिअर म्हणजे धोका शून्य असं मी लिहून देणार नाही, अगदी थोडा उरतोच, पण आता तो खूप कमी आहे. सासूबाईंना फोन केला तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली. सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला.

आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला. इतकी वर्षं आम्ही "बाळाला होईल का" ह्या एकाच भीतीच्या आड उभे होतो. ती भीती बाजूला झाल्यावर मागे जे होतं ते दिसलं, मी. दुसऱ्या भेटीत मॅडमनी आम्हाला एक काम दिलं, कालचा दिवस तासातासाने लिहा, दोघांनी वेगवेगळा. मी लिहिलं, सकाळी पावणेसहाला उठून नेब्युलायझर, मग फिजिओ, मग दुसरं नेब्युलायझेशन, मग नेब्युलायझरची भांडी उकळून ठेवणं, नाश्ता, साखर तपासणं, इन्सुलिन, साडेनऊला लॅपटॉप. संध्याकाळी परत तेच सगळं. चांगल्या दिवशी दोन तास जातात, सर्दी झाली की तीन-साडेतीन. नवऱ्याने त्याच्या कागदावर एक ओळ लिहिली होती जी मला माहीत नव्हती, रात्री दीड वाजता, तिचा खोकला थांबेपर्यंत जागा. रोजचं आहे म्हणे ते.

मॅडमनी त्याच कागदावर तान्ह्या बाळाचा दिवस मांडायला लावला. त्यांनी एकदाही "नको" असं सुचवलं नाही हे मला मुद्दाम सांगायचंय, उलट दुसरी बाजूपण तितक्याच नीट मांडली. की ह्या आजारात बायकांना दिवस राहू शकतात, गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्राव असतो म्हणून कधी वेळ लागतो एवढंच. फुप्फुसं चांगली असतील, वजन चांगलं असेल तर बऱ्याच जणी गरोदरपण नीट पार पाडतात. २०१९ मध्ये अमेरिकेत जी तीन औषधांची एकत्र गोळी मान्य झाली तिच्यामुळे तिकडे कितीतरी बायका आई झाल्यात, ज्यांनी आधी विचारसुद्धा सोडून दिला होता. पण ती गोळी माझ्या हातात नाही. अमेरिकेत तिची वर्षाची किंमत ३ लाख डॉलरच्या वर. "औषध मिळेल तेव्हा बघू" ह्यावर बाळ जन्माला घालता येत नाही.

मग माझ्या छातीच्या डॉक्टरांशी मॅडम स्वतः फोनवर बोलल्या, हे मी आजवर कुठेच पाहिलं नाही. तिसऱ्या भेटीत तेही व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी न घुमवता सांगितलं. पोट वाढलं की छाती आणि पोटामधला पडदा वर सरकतो, जागा कमी, त्यात माझी निम्मीच ताकद. डायबेटिस आधीच आहे. वजन आत्ताच वाढत नाहीये तर दोघांसाठी कसं वाढणार. माझी काही अँटिबायोटिक्स बदलावी लागतील, आम्ही अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो त्याचापण डोस बघावा लागतो कारण जास्त झालं तर गर्भाला अपाय होतो. "अशक्य नाही, पण तू आत्ता आहेस तिथे परत येशील ह्याची खात्री मी देऊ शकत नाही," हे त्यांचे शब्द.

इतर रस्ते पण बघितले. सरोगसी, २०२१ च्या कायद्यानंतर पैसे देऊन करता येत नाही, कुणीतरी आपणहून तयार व्हायला लागतं, आमच्याकडे असं कुणी नाही. दत्तक, हे तर प्रत्येकजण सहज बोलून जातो, "अगं दत्तक घ्या ना." मॅडमनी २०२२ ची नियमावली काढून दाखवली, त्यात दत्तक घेणाऱ्यांना जीवघेणा आजार नसावा अशी अट आहे. वाचून मला धस्स झालं, पण आधी कुणीतरी सांगितलं हे बरंच झालं, नाहीतर फॉर्म भरून आशेवर बसलो असतो. आणि खरं बोलायचं तर रात्री दीडचा प्रश्न दत्तक बाळालाही तसाच होता.

आम्ही नाही असं ठरवलं. रिपोर्ट क्लिअर असताना. लोकांना हे समजत नाही, सासूबाईंना अजूनही नाही, त्या म्हणतात मी आहे ना सांभाळायला, आणि त्या खरंच सांभाळतील, त्यांचं मन मोठं आहे. पण मला मूल हवं होतं ते मी सांभाळायला, दुसऱ्या कुणी नाही. ते लहान असताना मी अर्धा वेळ हॉस्पिटलात असेन हे मला सहन होणार नव्हतं. ज्यांची छाती माझ्यापेक्षा चांगली आहे, ज्यांना ती गोळी मिळतेय, त्यांनी माझं वाचून स्वतःचं ठरवू नका, तुमचे आकडे वेगळे तर तुमचा निर्णय वेगळा येईल. तिथे दुसऱ्या एका बाईशी ओळख झाली, हाच आजार, एफईव्ही१ ८० च्या वर, ती आता सातव्या महिन्यात आहे, तिचा फोटो आला की मला मनापासून आनंद होतो आणि दहा मिनिटं रडूपण येतं, दोन्ही.

निर्णय सांगितल्यावर मॅडम "छान" म्हणाल्या नाहीत, "वाईट वाटलं" असंही म्हणाल्या नाहीत. विचारलं, दोघं आज घरी जाऊन काय करणार? नवरा म्हणाला पिठलं-भाकरी. त्यांनी सहा महिन्यांनी एक फ्री भेट ठेवलीय, मन बदललं तर, किंवा न बदलता नुसतं जड झालं तर.

आता कामाच्या गोष्टी. पहिल्या भेटीची फी जास्त वाटेल पण वेळ पाहता मला पटली, रक्ताच्या टेस्टचे वेगळे पैसे, ते इन्शुरन्समध्ये आमचे तरी बसले नाहीत. संमतीचा फॉर्म फक्त इंग्लिशमध्ये आहे, हे बदला प्लीज, मॅडमनी वाचून समजावला पण आईला स्वतः वाचून सही करायची होती. लिफ्ट आहे, माझ्यासारख्या दम लागणाऱ्यांना हे आधी माहीत असलेलं बरं. वेटिंग रूममध्ये खोकला आला तर स्टाफ आपणहून वेगळ्या खोलीत बसवतो, तोंड वाकडं न करता. जाताना जुन्या सगळ्या फायली न्या, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस न्या ज्याला गेलेल्या मुलांची नावं आठवतात.

धाकट्या भावाचं लग्न ठरतंय. मॅडमनी सांगितलं होतं की आजार नसलेल्या सख्ख्या भावंडाला वाहक असण्याची शक्यता ३ पैकी २, म्हणून त्याची आणि होणाऱ्या वहिनीची दोघांची टेस्ट करायची आहे. मी विषय कसा काढू ह्या विचारात होते तर आईनेच त्या मुलीच्या घरी फोन करून सगळं सांगितलं, तान्हा गेला त्यापासून. येत्या गुरुवारची अकराची वेळ मिळालीय. आई म्हणाली मी पण येते, मॅडमना कागदावर लिहून घ्यायला मदत होईल.