जाहीर कमेंट की 1915?

वॉरंटीतला फोन कंपनी दुरुस्त करून देत नाही, तर तिच्या पोस्टखाली कमेंटमध्ये झोडपू की ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर कळवू, असं भाचीने विचारलं. पैसे दोन्हीकडे लागत नाहीत.

वेगात कमेंट पुढे. दोन मिनिटांत लिहून होते, आणि कधीकधी लगेच 'डीएम करा' (खासगी मेसेज पाठवा) असं उत्तरही येतं. ते उत्तर बहुधा बघणाऱ्यांसाठी असतं, असं माझं मत. 1915 ला मात्र बिल, तारखा, आधीचे ईमेल हाताशी ठेवून बोलावं लागतं.

टिकण्यात उलटं. स्वतःच्या पानावरची कमेंट कंपनी लपवू शकते, तक्रारीचा क्रमांक तिला पुसता येत नाही. तरी हेल्पलाइन फक्त पाठपुरावा करते, तिचं म्हणणं कंपनीवर बंधनकारक नसतं. कंपनी ढिम्मच राहिली तर पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे: 2 वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हेल्पलाइनची नोंद तिथे कागद म्हणून जोडता येते.

धोक्याचं विसरू नका. कमेंटमध्ये मोबाइल नंबर टाकला की तोतये 'कस्टमर केअर'वाले टपलेलेच असतात. ओटीपी मागितला की समजायचं. शिवाय संतापात 'चोर' लिहिलंत तर बदनामीची नोटीस तुमच्याच दारी.

इतर गिऱ्हाइकांना सावध करायचं असेल तर कमेंट करा, नुसती वस्तुस्थिती लिहून. पैसे किंवा दुरुस्ती हवी असेल तर आधी 1915.