श्योनाऊ की रामसाऊ?

जर्मनीतल्या आल्प्समधल्या बेर्शटेसगाडनला जायचं ठरलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: मुक्काम श्योनाऊला करायचा की रामसाऊला? दोन्ही गावं वाट्समान शिखराच्या पायथ्याशी, दोन्हीकडे डोंगर दारात आणि रविवारी दुकानं बंद. आम्ही दोन्हीकडे राहिलोय. आधी आईबाबांना घेऊन श्योनाऊला, पुढच्या वर्षी रामसाऊला.

श्योनाऊची बाजू भक्कम आहे. क्योनिग्झे तळं तिथंच. १९०९पासून तिथं विजेवरच्या बोटी आहेत, त्यामुळे डिझेलचा वास नाही की घरघर नाही. मधेच बोट थांबवून नावाडी कर्णा वाजवतो आणि कड्यावरून सूर परत येतो. बाबा म्हणाले, "अजून एकदा वाजवायला सांग की." काठावरच्या सेंट बार्थोलोमे चर्चचे लाल घुमट, येन्नर डोंगरावर जाणारी केबल कार... गुडघे कुरकुरणाऱ्यांचीही सोय आहे.

अडचण एकच, पण माझ्यापुरती तीच निर्णायक ठरली. या तळ्याचे कडे बहुतेक ठिकाणी थेट पाण्यात उतरतात. काठाकाठानं गावापर्यंत परतायला वाटच नाही. म्हणजे बोटीनं गेलात की बोटीनंच यायचं. ऑगस्टमधल्या दुपारी तळ्याच्या पलीकडच्या टोकाला सालेटच्या धक्क्यावरची रांग बघून आईनं पिशवीतून दशम्यांचा डबाच काढला. "इथंच खाऊन घेऊ, नंबर काही लागत नाही." तीन बोटी भरून गेल्या. कुणाची चूक नाही, बोटीत मावतील तेवढीच माणसं घेणार. पण शेवटची बोट चुकते की काय, या धाकधुकीत मी सालेटमागच्या ओबरझे या छोट्या तळ्याच्या पाण्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघितलं होतं.

रामसाऊच्या हिंटरझे तळ्याला फेरी मारायला साधारण तासभर पुरतो. आई दमली की बाकावर बसायची, बाबा पुढं जाऊन परत यायचे. हजारो वर्षांपूर्वी दरड कोसळून पाणी अडलं आणि हे तळं झालं. त्याच दरडीच्या धोंड्यांवर आता शेवाळ आणि झाडं वाढलीत. तो त्साउबरवाल्ड, म्हणजे जादूचं जंगल. एकोणिसाव्या शतकात चित्रकार इथं येऊन राहायचे. का, ते सकाळी सातला कळतं. १५१२चं सेंट सेबास्टियन चर्च तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेलच. (तिथल्या पुलावर फोटोसाठी रांग लागते, तेवढं सोसा.) जर्मनीतलं पहिलं 'बेर्गश्टायगरडोर्फ', गिर्यारोहकांचं गाव, हा मान रामसाऊला २०१५ साली मिळाला. इथं लिफ्ट आणि हॉटेलांच्या गर्दीपेक्षा पायवाटांना महत्त्व.

संध्याकाळी मात्र रामसाऊत फारसं काही नसतं. आम्हाला ते चाललं, तुम्हाला कदाचित नाही चालणार. गाडी नसेल तर शेवटच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.

पहिलीच खेप असेल, हाताशी दीड दिवस असेल आणि मुलं बोटीसाठी हट्ट धरून बसली असतील तर श्योनाऊ घ्या, आणि पहिली बोट पकडा. तीन रात्री असतील तर मी तरी रामसाऊच म्हणेन. बेर्शटेसगाडनला बस बदलून क्योनिग्झे तिथूनही होतं.

आईबाबा मे महिन्यात पुन्हा येतायत. बाबांना कर्णा ऐकायचाय, म्हणून एका सकाळी लवकर निघू. खोली रामसाऊला घेतलीय.