शियांगची इंग्रजीतून शिकताना: कोणती नोंदपद्धत?

शियांगची म्हणजेच चिनी बुद्धिबळाच्या इंग्रजी साहित्यात चाली मुख्यतः दोन पद्धतींनी लिहितात.

पारंपरिक पद्धतीत अक्षर म्हणजे सोंगटीच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर: 'सी२=५' म्हणजे दुसऱ्या स्तंभावरची तोफ आडवी पाचव्यावर. स्तंभ प्रत्येक खेळाडूच्या उजवीकडून मोजायचे. नवख्यांचा घोळ होतो तो शेवटच्या अंकात: रथाच्या 'आर१+२' मधला २ म्हणजे दोन बिंदू पुढे, पण घोड्याच्या 'एच२+३' मधला ३ हा पोहोचण्याचा स्तंभ. हत्ती, सल्लागारही घोड्यासारखेच.

दुसऱ्या, अक्षर-अंकांच्या पद्धतीत अक्षर स्तंभाचे आणि अंक ओळीचा; तीत तोफेची तीच चाल 'एच३-ई३'. बुद्धिबळ येणाऱ्याला ही लगेच वाचता येते. मात्र काही संगणक-प्रणाली ओळी शून्यापासून मोजतात; तिथे तीच 'एच२-ई२' होते. म्हणून आधी लाल सेनापती 'ई१'वर आहे की 'ई०'वर, ते बघा.

तरी सुरुवात पहिलीनेच करा. चिनी डावसंग्रहांतल्या नोंदीची रचना तीच असते.