अंगठ्याआधीचा तास : सी-स्पॅनच्या व्हिडिओ लायब्ररीविषयी

अमेरिकी सिनेटमध्ये २८ जुलै २०१७ रोजी मध्यरात्र उलटून दीड वाजत आला असताना ॲरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून आपल्याच पक्षाचे आरोग्यविमा विधेयक पाडले. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारचे सकाळचे अकरा वाजत होते. त्या मताची काही सेकंदांची चित्रफीत पुढे इतकी फिरली की अमेरिकी राजकारणाशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांनाही तो अंगठा ओळखीचा झाला. मीही तो तुकडा अनेकदा पाहिला होता आणि त्यावरून मॅकेन यांच्याविषयी एक सोयीस्कर मत बनवले होते. अलीकडे अमेरिकी संसदेचे कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन या वाहिनीच्या व्हिडिओ लायब्ररीत त्या आठवड्याचे कामकाज शक्य तितके सलग पाहिले, तेव्हा ते मत बरेचसे मोडले. हे परीक्षण त्या लायब्ररीचे आहे, पण ती कशी चालते हे सांगण्यासाठी या एका मतापेक्षा चांगले उदाहरण मला सापडत नाही.

सी-स्पॅन ही सरकारी वाहिनी नव्हे. केबल कंपन्यांनी १९७९ साली उभी केलेली ती ना-नफा संस्था आहे आणि तिचा खर्च मुख्यतः केबल ग्राहकांच्या वर्गणीतून, दर घरामागे महिन्याला काही सेंट या हिशेबाने भागतो. प्रतिनिधिगृहाचे प्रक्षेपण तेव्हापासूनचे, सिनेटचे मात्र १९८६ पासूनचे. चित्रफिती जपून ठेवण्याचे काम इंडियानामधील पर्ड्यू विद्यापीठात १९८७ साली सुरू झाले आणि २०१० मध्ये हा संग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. मॅकेन सिनेटमध्ये आले तेही १९८७ सालीच, त्यामुळे त्यांची सिनेटमधील जवळजवळ सगळी कारकीर्द या एकाच कपाटात आहे. पुण्यात बसून, एक पैसा न देता, ती पाहता येते.

अंगठ्याकडे जाण्यापूर्वी त्या रात्री पणाला काय लागले होते हे थोडे सांगणे भाग आहे, कारण लायब्ररी ते सांगत नाही. ओबामा यांच्या काळात, २०१० साली, झालेला आरोग्यविमा कायदा (‘ओबामाकेअर’) रद्द करू, असे वचन रिपब्लिकन पक्ष सात वर्षे देत होता. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे हाती आली. प्रतिनिधिगृहाने ४ मे रोजी २१७ विरुद्ध २१३ मतांनी आपले विधेयक संमत केले. सिनेटमध्ये पक्षाचे ५२ सदस्य होते, आणि अर्थसंकल्पाशी जोडलेल्या एका खास पद्धतीमुळे नेहमीच्या ६० मतांची अट टळून साधे बहुमत पुरणार होते. दोन सदस्य फुटले असते तरी ५०-५० अशा बरोबरीत उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांचे निर्णायक मत हाताशी होते. तिसरा फुटला की सगळे संपले. मेनच्या सुझन कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्कॉव्स्की या दोघी पहिल्यापासून विरोधात होत्या, म्हणून सारे लक्ष तिसऱ्या माणसावर होते.

सलग पाहण्याचा पहिला लाभ २५ जुलैच्या चित्रफितीत मिळतो. मॅकेन यांच्या डाव्या डोळ्याच्या वर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, मेंदूच्या कर्करोगाचे निदान आठवड्यापूर्वीच जाहीर झालेले, आणि त्या अवस्थेत ते ॲरिझोनाहून वॉशिंग्टनला परतलेले. सभागृहात पाऊल टाकताच दोन्ही पक्षांचे सदस्य उभे राहून टाळ्या वाजवतात. मॅकेन मत देतात ते चर्चा सुरू करण्याच्या बाजूने, म्हणजे पक्षाच्या बाजूने. ५०-५० अशी बरोबरी होते आणि पेन्स ती फोडतात. त्यानंतर मॅकेन भाषणाला उभे राहतात. डोळ्याच्या वरची जखम स्पष्ट दिसते. एकमेकांवर विश्वास ठेवू या, समित्यांमध्ये चर्चा, दुरुस्त्या, दोन्ही पक्षांचा सहभाग अशा नेहमीच्या रीतीकडे परत जाऊ या, असे ते कळकळीने सांगतात, आणि रेडिओ-टीव्ही-इंटरनेटवरील आरडाओरडा करणाऱ्यांना खड्ड्यात जाऊ द्या, असेही सुनावतात. हे विधेयक आज आहे त्या स्वरूपात मला मान्य होणार नाही, हे त्यांनी त्याच भाषणात उघडपणे सांगितले होते. तीन दिवसांनंतरच्या मताला जे लोक धक्कातंत्र म्हणतात त्यांनी हे भाषण ऐकलेले नसावे.

पण त्याच रात्री, भाषणाला काही तास उलटले असताना, पक्षाच्या नेतृत्वाने तयार केलेल्या मोठ्या पर्यायी विधेयकाला मॅकेन यांनी होकार दिला. ते ४३ विरुद्ध ५७ मतांनी पडले, नऊ रिपब्लिकन सदस्यांनी विरोध केला आणि त्या नऊंमध्ये मॅकेन नव्हते. दुसऱ्या दिवशी, पर्याय न देता कायदा रद्द करण्याची सूचना ४५ विरुद्ध ५५ मतांनी फेटाळली गेली, तिला मात्र त्यांनी विरोध केला. अंगठ्याच्या तुकड्यातून मॅकेन ओबामाकेअरचे तारणहार वाटतात, तर तीन दिवसांचे कामकाज पाहिल्यावर कार्यपद्धतीवर अडून बसलेला, धोरणाच्या बाबतीत बराचसा पक्षाबरोबरच असलेला एक हट्टी म्हातारा दिसतो. हा दुसरा माणूस मला अधिक खरा वाटतो, आणि अधिक रोचकही.

आता ती रात्र. गुरुवारी रात्री उशिरा मांडलेल्या अवघ्या काही पानांच्या विधेयकाला ‘स्किनी’, म्हणजे हडकुळे, असे नाव पडले होते. विमा न घेणाऱ्या व्यक्तींवरील दंड काढून टाकणे, मोठ्या मालकांवरील कर्मचाऱ्यांना विमा देण्याची सक्ती काही वर्षे स्थगित करणे, गर्भनिरोधन व गर्भपाताच्या सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पॅरेंटहुड या संस्थेचा निधी वर्षभर थांबवणे अशा मोजक्या तरतुदी त्यात होत्या. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार विमा नसलेल्यांच्या संख्येत त्यामुळे सुमारे १ कोटी ६० लाखांची भर पडली असती आणि वैयक्तिक विम्याचे हप्ते २० टक्क्यांच्या आसपास वाढले असते. त्याहून विचित्र गोष्ट अशी की विधेयकाला मत देऊ पाहणाऱ्या काही सदस्यांनाच ते कायदा व्हायला नको होते. त्या दिवशी रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी मॅकेन यांच्या शेजारी उभे राहून पत्रकार परिषदेत या विधेयकाची खरडपट्टी काढली आणि प्रतिनिधिगृह ते जसेच्या तसे संमत करणार नाही अशी हमी मिळाली तरच मत देऊ, असे सांगितले. ग्रॅहम यांचे हमीवर समाधान झाले, मॅकेन यांचे झाले नाही.

चित्रफितीचा सर्वांत मोलाचा भाग मतदानाचा नसून त्याआधीच्या तासाभराचा आहे. त्याआधीचे एक मतदान एरवी पंधरा मिनिटांत आटोपायचे, ते त्या रात्री तासाहून अधिक वेळ उघडे ठेवण्यात आले. पडद्यावर वरवर पाहता काहीच घडत नाही. माणसे घोळक्यांनी उभी आहेत, कोणी येतो, कोणी जातो, कारकून मधूनच एखादे नाव उच्चारतो. पेन्स मॅकेन यांच्याशी बराच वेळ, वीस मिनिटांहून अधिक, बोलताना दिसतात. मॅकेन कॉलिन्स आणि मर्कॉव्स्की यांच्याशी बोलतात, डेमोक्रॅट सदस्यांच्या बाजूलाही जाऊन येतात आणि तिथले चेहरे काहीसे सैलावतात. मत काय देणार, असे पत्रकारांनी विचारले असता त्यांनी ‘खेळ बघा’ अशा अर्थाचे उत्तर दिले होते. हा तास पाहताना लग्नघरी मुहूर्त टळत असताना मांडवात दिसणारी कुजबूज आठवते. कोणी काही बोलत नाही, पण काहीतरी बिनसले आहे हे सर्वांना ठाऊक असते.

मग मॅकेन सभागृहात येतात, पुढे कारकुनाच्या मेजाजवळ थांबतात, हात पुढे करतात, त्याचे लक्ष जाईपर्यंत क्षणभर तसाच धरून ठेवतात, ‘नो’ म्हणतात आणि अंगठा खाली करतात. हात खांद्याच्या वर जात नाही. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षांच्या युद्धकैदेत झालेल्या छळामुळे तो जाऊच शकत नव्हता. कोणीतरी श्वास रोखल्याचा आवाज येतो, डेमोक्रॅट बाजूने टाळी पडते, आणि अल्पमत नेते चक शूमर हाताने ताबडतोब ती थांबवतात. बहुमत नेते मिच मॅक्कॉनेल हाताची घडी घालून समोरच उभे आहेत. मॅकेन त्यांच्याकडे न थांबता जागेवर परततात. विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडते. अंगठ्याची खूण हा नाट्यमय अभिनय होता असे पुष्कळांना वाटते. सिनेटमध्ये मात्र यंत्राने मतदान होत नाही, नावे पुकारली जातात, आणि अंगठा वर किंवा खाली करून मत नोंदवणे ही तिथली रोजची रीत आहे. इतर दिवसांच्या चार-दोन चित्रफिती पाहिल्या की हे आपोआप कळते. अर्थात, रोजची रीत इतक्या सावकाश कोणी पाळत नाही, हेही तितकेच खरे.

लायब्ररीच्या उणिवा या प्रसंगातच उघड्या पडतात. सभागृहातील कॅमेरे सी-स्पॅनचे नाहीत. ते सिनेटचा स्वतःचा विभाग चालवतो आणि मतदानाच्या वेळी दूरचे, रुंद दृश्यच दाखवले जाते. त्यामुळे चेहरे लहान दिसतात आणि अनेकदा पाठमोऱ्या आकृती ओळखत बसावे लागते. पेन्स काय म्हणाले, सभागृहाबाहेर मॅकेन आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यात फोनवर काय बोलणे झाले, हे इथे सापडणार नाही. त्यासाठी वृत्तपत्रांकडेच वळावे लागते. चित्रफितीखालचा मजकूर प्रक्षेपणाच्या वेळी पडद्यावर उमटलेल्या संवादपट्टीवरून (क्लोज्ड कॅप्शन) घेतलेला आणि न तपासलेला असतो. इंग्रजी अक्षरे सगळी मोठी, विरामचिन्हे बेभरवशाची, आडनावांचे मधूनच विद्रूप रूप. तरीही त्यात शब्द शोधता येतो आणि त्या वाक्यावर थेट पोहोचता येते, ही सोय इतकी मोठी आहे की मी या दोषाकडे कानाडोळा करायला तयार आहे. खरा त्रास वेगळाच आहे. तासन्‌तास चालणाऱ्या बैठकीला केवळ तारखेचे शीर्षक असते, आणि नेमके मत कुठे आहे हे आधीच ठाऊक नसले तर प्रेक्षक हरवतो. नवख्याने प्रथम वक्त्याच्या नावाने शोध घ्यावा, मग इतर प्रेक्षकांनी कापून ठेवलेला छोटा तुकडा उघडावा आणि तिथून मूळ बैठकीकडे जावे.

मराठी प्रेक्षकाला हे पाहताना जो प्रश्न पडतो तो अमेरिकी प्रेक्षकाला पडणार नाही. असे मत देऊन हा माणूस दुसऱ्या दिवशी सदस्य कसा राहिला? आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा आमदार किंवा खासदार, पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही तर, अपात्र ठरू शकतो. व्हिप नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा की मूळ राजकीय पक्षाचा, हा वाद महाराष्ट्राने २०२२ नंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. अमेरिकेतही व्हिप असतो, पण त्याचे काम मुख्यतः मने वळवण्याचे आणि डोकी मोजण्याचे. सदस्यत्व काढून घेणे त्याच्या हाती नाही. म्हणूनच तो अस्वस्थ, लांबलेला तास घडू शकला. उपराष्ट्राध्यक्षांना वीस मिनिटे आर्जव करावे लागते, ते आदेश चालत नाही म्हणून. आपल्या सभागृहांच्या प्रक्षेपणात गोंधळ पुष्कळ सापडतो, सभात्यागही सापडतो, पण सत्ताधारी बाकांवरून, कॅमेऱ्यासमोर, शांतपणे दिलेला एकट्याचा नकार क्वचितच.

त्या रात्रीनंतरची एक नोंदही पाहण्याजोगी आहे. विमा न घेणाऱ्यांवरील दंड, म्हणजे त्या हडकुळ्या विधेयकाचा कणाच, डिसेंबर २०१७ च्या करकायद्यातून शून्यावर आला. सिनेटने २ डिसेंबरला ते करविधेयक ५१ विरुद्ध ४९ मतांनी संमत केले, तेव्हा मॅकेन, कॉलिन्स आणि मर्कॉव्स्की तिघांचीही मते बाजूने होती. अंतिम मतदानाला आजारपणामुळे मॅकेन येऊ शकले नाहीत, आणि २५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. अंगठ्याच्या चित्रफितीच्या मानाने हे करविधेयकावरचे मतदान कोणी शोधून पाहत असेल असे वाटत नाही. लायब्ररीत दोन्ही एकाच भावाने, म्हणजे फुकट, आणि एकाच कंटाळवाण्या कोनातून ठेवलेली आहेत.

ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्यांनी २५ जुलैचे भाषण आणि २८ जुलैचा तो तास एवढेच पाहावे. आणखी अर्धा तास काढता आला तर २४ डिसेंबर २००९ ची सकाळ उघडावी. नाताळच्या आदल्या दिवशी सिनेटर आपापल्या मेजाशी बसून, नाव पुकारले की उभे राहून मत देत आहेत. वृद्ध रॉबर्ट बर्ड दिवंगत मित्र टेड केनेडी यांचे नाव घेऊन होकार देतात. ओबामांचे ते विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत होते, आणि त्या ३९ नकारांत जॉन मॅकेन यांचाही एक नकार आहे.