जुन्या पीसीचा स्टोरेज सर्व्हर, अकरा महिन्यांनंतर: गुन्हेगार आता सापडला

गेल्या आठवड्यात चार दिवस बाहेर होतो आणि तेवढ्यात घरच्या फाइली साठवणारा सर्व्हर नेटवर्कवरून गायब झाला. रात्री वीज गेली, पहाटे आली, पण मशीन काही उठलं नाही. आईला फोन लावला. "आई, टेबलाखालच्या डब्याचं मोठं बटण दाब." दाबलं. "दिवा लागलाय, पंखा फिरतोय, अजून काय पाहिजे तुला?" नेटवर्कवर मात्र अजून पत्ता नाही. मग कपाटातला कीबोर्ड जोडायला लावला आणि म्हटलं, आता एफ१ दाब. तिने आधी एफ दाबलं, मग एक. तिची चूक नाही, मी सांगितलंच तसं. शेवटी वैतागून बटण बंद करायला लावलं आणि तिने कीबोर्ड परत जागच्या जागी ठेवला.

परत आल्यावर मॉनिटर जोडला. पडद्यावर तारीख १ जानेवारी २०१३. खाली सीमॉस चेकसम एरर, म्हणजे बोर्डावर साठवलेली सेटिंगं बिघडली आहेत. त्याच्याखाली, कीबोर्ड सापडला नाही, पुढे जायला एफ१ दाबा. हा विनोद जुना आहे, पण स्वतःच्या मशीनने केला की हसू येत नाही.

मशीन साधंच. ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप, कोअर आय५ ४५७०, ८ जीबी डीडीआर३ रॅम. सिस्टिमसाठी लॅपटॉपमधून निघालेली १२० जीबीची एसएसडी, डेटासाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि वर ओपनमीडियाव्हॉल्ट, म्हणजे स्टोरेज सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम. डिस्क सोडून कशालाही पैसे घातले नाहीत आणि घालायचे नाहीत असं ठरवलंच होतं. त्या हट्टाची किंमत पुढे येतेच.

सुरुवातीला स्पीडने रडवलं. फाइल कॉपी करताना सेकंदाला ११ एमबीच्या वर काटा सरकेना. मी प्रोसेसरला जुना म्हणून नावं ठेवली, डिस्कवर संशय घेतला. निघाली नेटवर्कची केबल, तीही माझ्याच अडगळीतली. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिट चारांवर भागवतं. उरलेल्या चारांतली एखादी तुटली की दोन्ही टोकं गुपचूप १०० वर उतरतात आणि कुणी काही बोलत नाही. केबल बदलली, ११० एमबी. तेव्हापासून प्रोसेसरबद्दल एक शब्द काढलेला नाही. फाइली पुरवायच्या कामाला तो गरजेपेक्षा जास्तच आहे.

रेड १ बद्दलचं, म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तोच डेटा लिहिण्याबद्दलचं, मतही बदललं. आधी दोन्ही डिस्कची जोडी लावून निश्चिंत होतो. तिसऱ्या महिन्यात फोटोंचा एक फोल्डर माझ्याच हातून उडाला, आणि रेडने इमानदारीने तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडवला. डिस्क मेली तर रेड वाचवतं, माणूस चुकला तर नाही. फोटो फोनमध्ये होते म्हणून निभावलं. आता एक डिस्क रोजच्या वापराला आणि दुसरीवर रात्री आरस्नॅपशॉट, म्हणजे प्रती घेणारं सॉफ्टवेअर. न बदललेल्या फाइलींना ते हार्ड लिंक लावतं, म्हणजे नवी प्रत न करता आधीच्याच प्रतीकडे बोट दाखवतं, त्यामुळे रोजची प्रत ठेवूनही जागा फारशी जात नाही. दुसरी डिस्क दिवसभर झोपलेली असते, तेवढीच वीज वाचते.

विजेचं म्हणाल तर मीटर लावून बघितलं. जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असताना रिकामं बसून ५८ वॅट, ते काढल्यावर ४१. डिस्प्ले प्रोसेसरमध्येच आहे, कार्डाची गरज नव्हतीच, मी उगाच चार महिने पोसलं. ४१ वॅट म्हणजे महिन्याला जवळपास ३० युनिट. बाजारात मिळणारा दोन डिस्कचा तयार स्टोरेज डबा याच्या निम्म्यात चालतो. मशीन फुकट मिळालं म्हणून मी खूश होतो, पण ते दर महिन्याला थोडं थोडं वसूल करतंय.

आता मुद्द्याचं. सीआर२०३२. मदरबोर्डावरचा वीस मिलिमीटरचा बटण सेल, नवा असताना ३ व्होल्ट. अकरा महिन्यांतला जवळजवळ सगळा मनस्ताप याने दिला आणि मी इतरांना शिव्या घालत बसलो.

दुसऱ्या महिन्यात वीज जाऊन आल्यावर मशीन उठलं नाही तेव्हा पॉवर सप्लायवर आळ घेतला. दुसऱ्या एका मोडक्या कॅबिनेटमधला काढून बसवला. त्याला साटाची, म्हणजे डिस्कला वीज देणारी, टोकं कमी, म्हणून मोलेक्स या जुन्या टोकावरून साटा करणारा अडॅप्टर लावला, प्लॅस्टिक ओतून केलेला. हे असले अडॅप्टर आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतात हे नंतर वाचलं आणि त्याच रात्री काढून टाकला. म्हणजे नसलेला आजार बरा करायला आग लागायची सोय केली होती. पाचव्या महिन्यात तेच, वर "ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही". एसएसडी गेली म्हणून अख्खी सिस्टिम पुन्हा टाकली. टाकताना बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांत, बूट क्रम (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते) नव्याने लावला, मशीन सुरू झालं, मी पाठ थोपटून घेतली. एसएसडीला काहीच झालं नव्हतं. फक्त क्रम विसरला गेला होता. दोन्ही वेळा मॉनिटर जोडून एफ१ दाबलं होतं, वर काय लिहिलंय ते न वाचता.

इतके महिने हे लपलं कसं? मशीन प्लगला असेपर्यंत बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळत राहतो, घड्याळ आणि सेटिंगं त्यावर जगतात. सेलची गरज लागते ती वीज पूर्ण गेल्यावरच. दोन मिनिटं गेली तर निभायचं, रात्रभर गेली की सगळं फॅक्टरीच्या वळणावर. आणि फॅक्टरीचं वळण असं की वीज परत आल्यावर मशीन बंदच राहणार. कीबोर्ड नसला तरी थांबू नकोस, हे सांगणारं सेटिंग मी पहिल्याच दिवशी लावलं होतं. ते साठतं कुठे? त्याच सेलच्या भरवशावर. यूपीएस घे म्हणून सांगणारे भेटतील. जरूर घ्या, पण रात्रभराच्या अंधारात तोही झोपतो.

सेल काढायला नख पुरतं. कडेची पत्र्याची जीभ मागे दाबली की तो टुणकन वर येतो. माझ्या सेलवर धुळीचा मऊ थर होता, मल्टिमीटरवर १.९ व्होल्ट. नवा बसवून सेटिंगं परत लावली आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवला. जुन्या मशीनचा सर्व्हर करणार असाल तर रॅम, डिस्क, सॉफ्टवेअर यांवर हवा तेवढा वाद घाला, पण हा सेल आधी बदला.

एक तक्रार अजून आहे. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, १९९ नंबरचा सीआरसी एररचा (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुकांचा) आकडा ढिल्या साटा केबलमुळे ३७ पर्यंत चढला होता. केबल बदलल्यावर वाढायचा थांबला, पण तो कधी शून्यावर येत नाही, आणि माझी नजर रोज तिथेच जाते.

परवा रात्री झोपताना मशीन नीट बंद करून मेनचं बटणच बंद केलं. सकाळी चालू करून दात घासायला गेलो, तर पंख्याचा आवाज आला. आईला विचारलं, तू बटण दाबलंस का? म्हणाली, "मी हात लावत नाही त्याला."