सोया वडी: मटणाच्या जागी चालेल, डाळीच्या जागी नको

विकत घेताना आधी रंग बघा. फिकट पिवळसर आणि सगळीकडे सारखा हवा. कडा तपकिरी दिसल्या तर माल यंत्रात जास्त तापलेला असतो; अशी वडी शिजवूनही चिवट राहते आणि तोंडात कडवटपणा ठेवते. पाकिटाच्या तळाशी भुगा जास्त असेल किंवा खवट वास येत असेल, तर सरळ परत करा.

ही वडी म्हणजे तेल काढून उरलेल्या सोयापेंडीचं पीठ, उष्णता आणि दाबाखाली साच्यातून ढकललेलं. बाहेर पडताच ते फुगतं आणि आत छिद्रं पडतात. त्या छिद्रांत पाणी राहिलं की मसाल्याला जागा उरत नाही. ‘सोया बेचव लागतं’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

चार जणांना 100 ग्रॅम पुरते. दोन लिटर पाणी उकळून त्यात चमचाभर मीठ आणि वड्या घाला, पाच मिनिटं उकळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. मग गार पाण्यात दोनदा चोळून धुवा आणि मुठीत घट्ट पिळा. फेसाळ पाणी फेकून द्यायचं. कच्चट वास आणि पोटात वायू करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्याबरोबर जातो. पिळलेल्या वड्यांना दही, आलं-लसूण, हळद, तिखट लावून वीस मिनिटं ठेवा, तेलावर परता आणि मगच वाटणात टाका. सावजी रश्श्यात उत्तम लागते. पातळ आमटीत अगदीच अनाथ वाटते.

100 ग्रॅम कोरड्या वडीत साधारण 50 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे माणशी 12-13 ग्रॅम. बी-12 मात्र जवळपास नसतंच. मांस-दूध पूर्ण सोडणाऱ्यांनी ते वेगळं घ्यावं.

आता पर्यावरणाचं. सोयापेंड एरवी मोठ्या प्रमाणावर कोंबडीखाद्यात जाते. कोंबडीमार्गे येण्याऐवजी ती थेट ताटात आली की खाद्याचं मांस होतानाची मधली गळती टळते. पुअर आणि नेमेचेक या संशोधकांच्या 2018 च्या अभ्यासात 100 ग्रॅम प्रथिनांमागे हरितगृह वायूंची जागतिक सरासरी अशी निघाली: मटण सुमारे 20 किलो, चीज 11, कोंबडी 5.7, टोफू 2 आणि कडधान्यं 1 किलोच्या आत. वडीचा आकडा त्यात वेगळा नाही, पण टोफूही सोयाबीनचाच, म्हणून अंदाज येतो. मराठवाडा-विदर्भातलं सोयाबीन बहुतांशी खरिपातलं, पावसावरचं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, म्हणून नत्रखतही कमी लागतं. जंगल तोडून घेतलेल्या ब्राझीलच्या पिकाशी त्याची बरोबरी करू नये.

म्हणून रविवारच्या मटणाऐवजी किंवा पनीरऐवजी वडी केली तर फरक पडतो. रोज तूरडाळ, मटकी खाणाऱ्या घरात डाळ बंद करून वडी आणली, तर हाती पडतं ते फक्त बहुपदरी प्लॅस्टिकचं पाकीट, जे भंगारवालाही सहसा घेत नाही. वडी सुटी मिळत असेल तर तीच घ्या. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिनाभरात संपवा.